गांजाचे व्यसन आणि माळकऱ्याचे कर्तव्य



या पाठात आपण नेहमी हरिपाठातील किंवा ज्ञानेश्वरीतील एखादे प्रकरण घेतो. या महिन्याचा विषय पोथीतला नाही, वाटेवरचा आहे. पालखीच्या तळावर रात्री शेजारती झाल्यावर मालमोटारींच्या आडोशाला दोन-चार माणसे बसतात, ओले फडके गुंडाळलेली चिलीम हातोहात फिरते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. पाहून आपण काय करतो? एकतर डोळे मिटतो, नाहीतर आरडाओरडा करतो. आम्ही आयुष्यात दोन्ही केले, आणि दोन्ही चुकीचे निघाले. म्हणून आधी आमची चूक सांगतो, मग विचार सांगतो.

कोरोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे पायी वारी झाली नाही. २०२२ साली सोहळा पुन्हा निघाला तेव्हा आमच्या दिंडीतला मृदंग वाजवणारा मुलगा आम्हांला बदललेला दिसला. वय पंचविशीचे, हात सोन्यासारखा. आळंदीच्या धर्मशाळेत राहून शिकलेला. (नाव लिहीत नाही. त्याला विचारूनच हे लिहीत आहोत.) चालताना मागे राहायचा, काकड्याला उठायचा नाही, आणि भजनात सम चुकायची. त्या दोन रिकाम्या वर्षांत त्याला गांजाची सवय लागली होती. वेळापूरच्या मुक्कामी कोणीतरी चहाडी केली. आम्ही भर दिंडीत त्याच्या गळ्यातला मृदंग उतरवला आणि म्हणालो, "गळ्यात तुळशीची माळ आहे, तिची तरी लाज बाळग." त्याने एक शब्द उच्चारला नाही. माळ काढली, आमच्या पुढ्यात ठेवली आणि अंधारात चालता झाला. पंढरी दोन मुक्कामांवर राहिली असताना तो माघारी फिरला.

आम्हांला त्या रात्री वाटले, संप्रदायाची शिस्त राखली. मार्गशीर्षात त्याची आई आमच्या दारी आली. उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "महाराज, एकच इचारते. माळ तुमच्यापाशी हाय. पोरगं कुणापाशी हाय?"

साठी उलटली, शास्त्र्यांच्या पाठशाळेत बारा वर्षे घासली, पण त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही. तिने सांगितले ते असे : दिवसाला आठ-दहा चिलमी होतात, मृदंग विकला, रात्री उठून "कोणीतरी मारायला येतंय" म्हणून दाराला फळी लावतो. या पाठाचा उगम तिथे आहे.

आता विषयाकडे वळू. व्यसन या शब्दाचा धात्वर्थ पाहा. वि हा उपसर्ग आणि अस् म्हणजे फेकणे हा धातू. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात व्यसनाचा विचार केला आहे. त्याचा आशय असा की माणसाला त्याच्या श्रेयापासून जे दूर फेकून देते ते व्यसन. संस्कृतात याच शब्दाचा दुसरा अर्थ संकट असा आहे. हे लक्षात ठेवा. ज्याला आपण व्यसनी म्हणतो तो संकटात सापडलेला माणूस आहे. नदीच्या पुरात सापडलेल्याला काठावरून शिव्या देणारा वारकरी आपण कधी पाहिला आहे काय?

गांजा म्हणजे भांगेच्या मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. त्याच झाडाची राळ म्हणजे चरस, आणि पाने वाटून होते ती भांग. वनस्पती एकच, मादक द्रव्यही एकच. शार्ङ्गधर संहितेत व्यवायी द्रव्यांचे उदाहरण म्हणून भांग दिली आहे. व्यवायी म्हणजे पचण्याच्या आधीच सर्व शरीर व्यापून टाकणारे. आजचे शास्त्रही वेगळे सांगत नाही. चिलमीचा धूर छातीत गेला की काही मिनिटांतच त्याचा अंमल मेंदूवर चढतो, आणि ते द्रव्य शरीरातील चरबीत साठून राहते. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतर कित्येक आठवडे त्याचा अंश सापडतो.

या द्रव्याला टीएचसी म्हणतात. इस्रायलचे शास्त्रज्ञ राफाएल मेचुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ साली ते शुद्ध रूपात वेगळे काढले. पुढे कळले की आपल्या मेंदूत या द्रव्याला बसण्याजोग्या जागा मुळातच आहेत, जशा कुलपात किल्लीच्या खाचा. मग प्रश्न आला, देवाने ही कुलपे गांजासाठी केली काय? १९९२ साली उत्तर मिळाले. त्या कुलपांची स्वतःची किल्ली आपले शरीरच तयार करते. शोधणाऱ्यांनी त्या द्रव्याचे नाव संस्कृतावरून ठेवले, आनंदामाइड. आनंद हा शब्द परदेशातल्या प्रयोगशाळेने आपल्याकडून उचलला! अर्थ एवढाच, की सुख, भूक, झोप, आठवण यांची व्यवस्था देहात आधीपासून आहे. बाहेरून रोज मोठ्या प्रमाणात किल्ल्या ओतल्या की मेंदू कुलपेच कमी करतो. मग आपली मूळची किल्ली पुरत नाही. जेवण गोड लागत नाही, झोप येत नाही, कीर्तनात रंग वाटत नाही. चिलीम ओढली तेवढ्यापुरते बरे वाटते. यालाच अवलंबन म्हणतात. यात दिलाशाची गोष्ट अशी, की सोडल्यावर सुमारे महिनाभरात ही कुलपे बऱ्याच अंशी पूर्ववत् होतात, असे मेंदूच्या तपासणीत दिसून आले आहे.

आता पूर्वपक्ष मांडू. हे सर्व बोल आम्ही तळावर कानांनी ऐकलेले आहेत.

पहिला म्हणतो, "बुवा, हा तर महादेवाचा प्रसाद!" महादेव आपल्याला परके नाहीत. आपण हरिहरांत भेद मानीत नाही. पण महादेवांनी हलाहलही प्राशन केले, तेवढे आपण वगळतो आणि चिलीम तेवढी उचलतो, हा कुठला न्याय? शिवाय आपल्या संप्रदायात साधन म्हणून नाम सांगितले आहे. भांग-तमाखूला साधन म्हणणाऱ्या वेषधाऱ्यांवर तुकोबारायांनी गाथेत कसे कोरडे ओढले आहेत, ते गाथा वाचणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरा म्हणतो, "झाडपाला आहे, त्याने काय होतंय?" धोतरा आणि कण्हेर हाही झाडपालाच आहे.

तिसरा म्हणतो, "याची सवय लागत नाही. मनात आणलं की सोडीन." सगळ्यांनाच सवय लागते असे नाही, हे कबूल. ओढणाऱ्या दहांपैकी सुमारे एकजण अवलंबून होतो, असे अभ्यास सांगतात. कोवळ्या वयात सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सहांत एकापर्यंत जाते. आपला नंबर कोणात लागेल हे आधी कळत नाही. भारत सरकारने एम्सच्या तज्ज्ञांकडून केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे तीन कोटी दहा लाख लोक आढळले, आणि त्यांतील सुमारे ७२ लाखांना त्यापायी मदतीची गरज आहे असे दिसले. सवयच लागत नसती तर हे ७२ लाख आले कोठून? "मनात आणलं की सोडीन" म्हणणाऱ्याला आम्ही एवढेच सांगतो : गड्या, आजपासून एक महिना सोडून दाखव. सुटली तर आनंद आहे. नाही सुटली तर तुझे तुलाच कळेल.

चौथा म्हणतो, "ओढल्यावर भजनात मन लागतं." याचे उत्तर आमच्या त्या मुलानेच दिले. त्याला वाटायचे की चिलीम ओढून हात अधिक चालतो. पुढे एका टाळकऱ्याने मोबाइलवर घेतलेले त्याचे वाजवणे त्याला ऐकवले. ऐकून तो गप्प बसला. गांज्याने काळाचे भान बिघडते, नुकतेच ऐकलेले मनात टिकत नाही. मग ताल कसा टिकणार? रंगलो असे वाटणे वेगळे आणि रंगणे वेगळे.

पाचवा पूर्वपक्ष सर्वांत बळकट आहे, कारण तो भाविकाचा आहे. "नाम घेतलं की व्यसन आपोआप सुटतं. डॉक्टर कशाला?" नामाच्या सामर्थ्याविषयी शंका घेणारे आम्ही कोण? पुष्कळांची व्यसने माळ घातल्यावर सुटली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु वारीत जुलाब लागले तर आपण मीठ-साखरेचे पाणी घेतो, पाय सुजला तर दवाखान्याच्या तंबूत जातो. त्या वेळी नामाचा अपमान होतो असे कोणी म्हणत नाही. मेंदू हाही देहाचाच अवयव आहे. आणखी एक गोष्ट. ज्याला एकट्याने सुटले नाही, तो मनात म्हणतो, "मी एवढा पापी की नामही मला पावलं नाही." त्या लाजेने तो आधी भजन सोडतो, मग देऊळ, मग घर. औषध घेणाऱ्याच्या मुखात नाम राहू शकते. लाजेने पळालेल्याच्या मुखात ते राहत नाही. म्हणून सिद्धान्त असा : नाम घ्यावे, आणि मदतही घ्यावी.

आता सोडण्याचा क्रम सांगतो. आम्ही त्या मुलाला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात गेलो. केसपेपर काढायच्या रांगेत उभे राहिलो. तिथे आमच्या उपरण्याकडे आणि गंधाकडे लोक पाहत होते, तेव्हा कळले की त्या पोराला वेळापुरी कसे वाटले असेल. डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतले. "कोणीतरी मारायला येतंय" हे वाटणे गांज्याने बळावलेला आजार असू शकतो, म्हणून त्यासाठी आणि झोपेसाठी औषध दिले. आमच्याकडे वळून म्हणाले, "महाराज, गांज्याची तलफ घालवणारी खास अशी गोळी आजतरी नाही. बोलणं, सोबत आणि दिवसाची आखणी, हेच मुख्य औषध आहे."

सोडल्यावर साधारण एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो. चिडचिड, घाबरेपणा, उदासी. भूक मरते. घाम येतो, डोके दुखते, अंग थरथरते. झोप उडते, आणि लागली तर विचित्र, भयंकर स्वप्ने पडतात. पहिला आठवडा सर्वांत अवघड. बहुतेक त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, झोपेला मात्र कधी कधी अधिक दिवस लागतात. या त्रासाने सहसा जिवाला धोका नसतो, पण माणसाला तसे वाटते. घरच्यांना हे आधी माहीत असले तर तो ओरडला म्हणून ते उलट ओरडत नाहीत. तो मुलगा त्या दिवसांत आमच्या घरी होता. चौथ्या दिवशी त्याने जेवणाचे ताट भिरकावले. आमच्या मंडळींनी ते उचलले, पुसले आणि अर्ध्या तासाने पेज घेऊन आल्या. आमच्या साऱ्या निरूपणांपेक्षा त्या पेजेचा उपयोग अधिक झाला, हे प्रांजळपणे लिहितो.

आपल्याकडे चिलमीत गांज्याबरोबर तंबाखू मिसळतात. त्यामुळे दोन सवयी एकात एक गुंतलेल्या असतात. गांजा सोडून तंबाखूची चिलीम चालू ठेवली तर जुनी वाट उघडी राहते. डॉक्टरांना दोन्ही सांगावे. तंबाखू सोडण्यासाठी औषधे मिळतात. तसेच गांजा सोडून दारूकडे वळणे म्हणजे विहिरीतून निघून आडात पडणे होय. आणि भांग पोटात घेतली तर सौम्य, हाही भ्रम आहे. तिचा अंमल उशिरा चढतो, कधी दीड-दोन तासांनी, म्हणून माणूस चढली नाही समजून आणखी घेतो आणि मग घाबरा होतो.

दोन महिने बरे गेले. महाशिवरात्रीच्या यात्रेत जुने सोबती भेटले आणि त्याने पुन्हा ओढली. आम्ही मनातून खचलो. डॉक्टर खचले नाहीत. त्यांनी त्याला विचारले, "कुठे ओढलीस? कोणाबरोबर? किती वाजता? त्याआधी काय झालं होतं?" आणि सर्व लिहून घेतले. आम्ही असतो तर "का ओढलीस?" असे विचारले असते, आणि त्या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नसते. लिहिल्यावर दिसले की रिकामी संध्याकाळ, तेच दोन सोबती आणि घरातले भांडण, एवढी तीन कारणे होती. मग संध्याकाळी हरिपाठाला बसायचे, त्या सोबत्यांचे फोन घ्यायचे नाहीत, आणि तलफ आली की कोणाला तरी हाक मारायची, असे ठरले. तलफ ही लाटेसारखी असते. थोडा वेळ सोबत मिळाली तर उतरते.

आता दिंडीचालकांना आणि घरच्यांना हात जोडून काही सांगतो.

एक, बोलायचे ते एकांतात बोला. चारचौघांत उतरवलेला माणूस पुन्हा चढवणे फार कठीण असते. दोन, पैसे हातात देऊ नका, जेवण मात्र कधी तोडू नका. तीन, कोंडून ठेवणे, मारणे, साखळीने बांधणे, अंगारे-धुपारे करून वेळ घालवणे, हे करू नका. चार, संशय, भास, अंगावर धावून येणे किंवा जीव देण्याची भाषा दिसली तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. पाच, तळावर चिलीम फिरत असेल तर ओढणाऱ्यांना हाकलण्याआधी त्यांच्याजवळ बसा. आणणारा आणि विकणारा वेगळा, सापडलेला वेगळा, हा भेद जाणा.

पुष्कळांना पोलिसांचे भय वाटते, ते साहजिक आहे. १९८५ सालच्या अंमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणे गांजा आणि चरस बाळगणे, विकणे, ओढणे हा गुन्हा आहे. परंतु त्याच कायद्याच्या ६४ अ या कलमात अशी सोय आहे, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर ही सवलत काढून घेता येते. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनातून उद्भवणाऱ्या स्थितीलाही आजारात धरले आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा डॉक्टरपुढे खरे बोलायला भिऊ नये.

मदत कोठे मिळते? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालये येथे मनोविकार विभाग असतो. दूरध्वनीवर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून चालू आहे, तेथे मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. दोन्ही ठिकाणी पैसे पडत नाहीत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले. गर्दच्या विळख्यातली मुले पाहून ते काम उभे राहिले, आणि माणसाला न मारता, न हिणवता बरे करता येते हे त्याने महाराष्ट्राला दाखवले. ज्यांनी स्वतः व्यसन सोडले आहे अशांचे गटही शहरोशहरी भरतात. वारीत नवख्याला जुना वारकरी जसा सांभाळतो, तसेच तेथे चालते.

शेवटी त्या मुलाचे सांगतो. २०२३ सालच्या आषाढीला तो आला नाही. म्हणाला, "महाराज, औंदा तळावर मला धीर होणार नाही." आम्ही आग्रह केला नाही. २०२४ साली आला. मृदंग घेतला नाही, पाण्याच्या टँकरवर सेवा मागून घेतली. रात्री तळावर आमच्या राहुटीतच झोपायचा. वेळापूरच्या मुक्कामी आम्ही सर्व दिंडीसमोर त्याची क्षमा मागितली. ज्या जागी माणूस उतरवला त्याच जागी ते करणे भाग होते. तो खाली मान घालून उभा राहिला आणि पाण्याच्या बादल्या उचलून निघून गेला.

घरी तो आता एका शाळकरी पोराला मृदंग शिकवतो. त्याची माळ आमच्या देवघरात आहे. रोज पूजेच्या वेळी तिच्यावर तुळशीपत्र पडते. त्याने ती अजून मागितलेली नाही, आणि आम्हीही विषय काढीत नाही. ज्या दिवशी मागेल त्या दिवशी ती पुसून त्याच्या हाती देऊ. तोवर त्याची आई एकादशीला येते, देवघरात डोकावते, आणि माळ जागेवर आहे एवढे पाहून जाते.

वाचकहो, आपल्या दिंडीत, आपल्या आळीत, कदाचित आपल्या घरातही असे कोणी असेल. या एकादशीला त्याच्याजवळ जाऊन बसा. उपदेश करू नका. "त्रास होतोय का रे?" एवढेच विचारा, आणि तो हो म्हणाला तर त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभे राहा.

रामकृष्णहरि.